महालातलं बेलाचं झाड आणि आंबलेल्या सव्वीस बाटल्या

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी साडेसहाला वाड्यातल्या वहिनींचा फोन आला, "ताई, लवकर या. माळ्यावर बाटल्या फुटून राहिल्या." मी पोचले तेव्हा वाड्याच्या पडवीत ताडीसारखा आंबूस वास भरला होता. माळ्याच्या फळ्यांमधून पिवळट ओघळ भिंतीवर उतरले होते आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. अकरा दिवसांपूर्वी आम्ही बेलाच्या स्क्वॅशच्या, म्हणजे पाणी घालून प्यायच्या घट्ट सरबताच्या, ४० बाटल्या भरून वर ठेवल्या होत्या. त्यातल्या ९ बाटल्यांची बुचं उडाली होती. आणखी १७ बाटल्यांत बुचाखाली फेस दिसत होता. उरलेल्या १४ वरून बऱ्या वाटत होत्या, पण त्या विकायची हिंमत कोणाचीच नव्हती.

बचत गटातल्या नऊ जणींनी साखर, गूळ आणि बाटल्यांसाठी पैसे घातले होते. कृती मी दिली होती. मी गेली बरीच वर्षं फळप्रक्रियेचे वर्ग घेते आणि संत्र्याचा स्क्वॅश शेकडो जणींना शिकवला आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. घरच्या झाडाच्या बेलफळांचं काहीतरी करावं असं ज्यांच्या मनात येतं, त्या बहुतेक जणी नेमकं आम्ही केलं तेच करतील.

झाड

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत हा वाडा आहे. मागच्या अंगणात विहीर आणि विहिरीला लागून बेल. वाड्यातल्या आजी सून म्हणून आल्या तेव्हाही झाड फळं देत होतं, म्हणजे साठ वर्षांच्या पुढचं नक्की. ते कोणी लावलं हे वाड्यात कोणालाच ठाऊक नाही. बेल मुळांपासून फुटवे काढत पसरतो, त्यामुळे एखाद्या जुन्या झाडाचा हा फुटवाही असेल. बुंध्याशी आजही दरवर्षी पाच-सात पोरं उगवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्या काट्यांत अडकवतात.

आपल्याकडे बेलाचा हिशेब पानाचा असतो. श्रावणी सोमवारी पहाटे पाचपासून या अंगणात बायका पिशव्या घेऊन उभ्या राहतात. महाशिवरात्रीला तर दार लावूनच घ्यावं लागतं. शपथ घ्यायची तरी आपण बेलभंडारा उचलतो. पण फळाचं काय करतात, असं गल्लीत विचारलं तर एकदोन म्हाताऱ्या सोडल्या तर कोणाला सांगता येत नाही. पिकलेलं बेल रात्री पत्र्यावर पडतं, मोठा आवाज होतो, सकाळी कोणीतरी ते उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकतं. या घरात दीडदोनशे फळं वर्षानुवर्षं अशीच गेली.

हे झाड नागपूरसाठीच घडवल्यासारखं आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. २३ मे २०१३ ला तर शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली. बेल हे सगळं सोसतो. हलकी, मुरमाड, थोडी खारवट जमीनही त्याला चालते. मार्च-एप्रिलमध्ये तो पानं टाकतो आणि उघड्या फांद्यांवर फळंच फळं दिसू लागतात. मे-जूनमध्ये नवी पालवी आणि हिरवट पांढरी, गोड वासाची फुलं येतात. त्या फुलांचं फळ पिकायला दहा-अकरा महिने लागतात, त्यामुळे एखाद्या मे महिन्यात एकाच फांदीवर गेल्या वर्षीचं पिकलेलं फळ आणि या वर्षीचा फुलोरा शेजारी शेजारी दिसतो.

आणि बेल संत्र्याच्याच कुळातला. पान उजेडासमोर धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात, दोघांच्याही. लिंबावर, कढीपत्त्यावर जी फुलपाखराची अळी येते ती बेलावरही येते. ज्या शहराच्या नावाने संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या शिक्षिकेला हे नातं माहीत असणारच. मला होतं. माझी चूक इथूनच सुरू झाली.

पहिलं वर्ष

मी संत्र्याच्या स्क्वॅशची कृती घेतली आणि रसाच्या जागी बेलाचा गर लिहिला.

बेलात रस नसतोच. कवच फोडलं की आत केशरी-पिवळा, चिकट, तंतू असलेला गर असतो आणि त्यात आठ ते पंधरा कप्पे. प्रत्येक कप्प्यात लोकरीसारखी लव असलेल्या बिया स्वच्छ डिंकात बुडालेल्या असतात. हा गर पाणी घालून कुस्करावा लागतो, मग चाळणीतून काढावा लागतो. आम्ही तेवढं केलं. ३२ फळं फोडली, पातेलंभर गर निघाला. मग सिट्रिक ॲसिड घालायची वेळ आली.

मी संत्र्याइतकंच मोजून घेतलं होतं. आजी पाटावर बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, लिंबाचं सत्त्व. त्या म्हणाल्या, "बेल कुठं आंबट रायते बाई? आंबटच प्याचं असन त निंबू पिळा न." मी चमच्यावर थोडं मिश्रण घेऊन चाखलं. खरंच आंबट लागलं, बेलाचा वास मागे गेला होता. मला आजींचं पटलं आणि मी प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आणलं.

दुसरी गोष्ट गुळाची. घरातलं बेलाचं सरबत गुळाचं, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घातलेलं. म्हणून निम्म्या साखरेच्या जागी गूळ घातला. तिसरी गोष्ट, गर तापवला नाही. बेल शिजवलं की कडवट होतं हे मी ऐकलं होतं आणि तपासून पाहिलेलं नव्हतं. केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही टिकवणारी पावडर, मात्र संत्र्याला घालतो तेवढंच घातलं आणि त्याच्या भरवशावर बाटल्या माळ्यावर चढवल्या. एप्रिलमधला वाड्याचा माळा, वर पत्रे. नंतर मी दुपारी तिथे तापमापक ठेवला तर ४१ अंश भरले.

चौथी गोष्ट त्या दिवशी कोणाच्या लक्षातही आली नाही. ३२ पैकी बरीच फळं झाडावरून पडलेली होती. त्यातल्या काहींना केसासारखी बारीक चीर होती. आतला गर चांगला दिसला, वासही ठीक होता, म्हणून घेतली.

काय झालं असावं

फुटलेल्या सकाळी गटात एकच सूर होता: पावडर कमी पडली, पुढच्या वेळी दुप्पट घालू. बाजारातल्या सल्लागारानेही हेच सांगितलं. मला ते मान्य नव्हतं. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडला दशलक्ष भागांत ३५० भागांची कायदेशीर मर्यादा आहे आणि आम्ही तिच्या जवळच होतो. दम्याच्या माणसाला हा वायू त्रास देतो. दुप्पट घालणं हा उपाय असूच शकत नव्हता. पण मग तीच पावडर संत्र्यात वर्षभर टिकवते आणि बेलात अकरा दिवसांत हात टेकते, हे कशामुळे?

मी पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, मोजायच्या पट्ट्या आणल्या. हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. न फुटलेल्या बाटलीत पट्टी बुडवली तर रंग ४.६ च्या आसपास आला. वर्गात बनवलेल्या संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये तो ३.२ आला. तेवढ्यावर मला उत्तर मिळालं आणि मला फार वाईट वाटलं, कारण हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

केएमएस पाण्यात विरघळलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड मिळतो, पण तो सगळा एका रूपात राहत नाही. किण्वाला, म्हणजे यीस्टला, मारतो तो फक्त मूळ रेणूच्या रूपात असलेला भाग. हा भाग किती, हे आम्लता ठरवते. पीएच एकाने वाढला की कामाचा भाग जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येतो. ३.२ आणि ४.६ मध्ये १.४ चं अंतर, म्हणजे आमच्या बेलाच्या बाटलीत परिणामकारक औषध संत्र्याच्या सुमारे पंचविसावा हिस्सा होतं. पावडर तेवढीच, वजन तेवढंच, काम मात्र नाममात्र. संत्रं स्वतःच आंबट असल्याने त्याच्या कृतीत ही गोष्ट आपोआप सांभाळली जाते, म्हणून तिचा विचार करायची सवय राहत नाही. बेलाच्या गराचा पीएच मुळात पाचच्या वर असतो. नातं कुळाचं असलं तरी आम्लाच्या बाबतीत ही दोन फळं एकमेकांपासून फार लांब आहेत.

गुळाने भर घातली. त्यातले क्षार आम्ल थोडं मारतात, आणि त्यातले काही घटक सल्फर डायऑक्साइडला बांधूनही टाकतात. शिवाय गुळात ओलावा असतो. रिफ्रॅक्टोमीटरने पाहिलं तर ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेची टक्केवारी, ३६ भरला. स्क्वॅशला किमान ४० लागतो, फळाचा भाग किमान २५ टक्के. साखर एकटी टिकवणार असेल तर ती ६५ च्या वर हवी, जशी पाकाच्या सरबतात असते. आमच्याकडे साखरेचा आधार नव्हता, आम्लाचा नव्हता, उष्णतेचा नव्हता, आणि वर ४१ अंशांचा माळा.

सहा बाटल्या

यातलं नेमकं कशाने किती बिघडवलं हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं, पण गटातल्या बायकांना माझ्या डोक्यावर आता विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. म्हणून झाडावर उरलेल्या फळांतून मे महिन्यात सहा बाटल्या केल्या. सगळ्यांनी मिळून, सगळ्यांच्या समोर. बाटल्यांवर खडूने आकडे घातले आणि मुद्दाम त्याच माळ्यावर ठेवल्या.

पहिली बाटली जुन्या पद्धतीची, फक्त फळ अखंड, चीर नसलेलं. नवव्या दिवशी तिला बुडबुडे आले. म्हणजे चिरलेली फळं नसती तरी वाचलो नसतो. दुसरीत आम्ल कमीच ठेवलं, पण गर तापवला. ती अठरा दिवस टिकली आणि मग आंबली. तिसरीत आम्ल पुरेसं, गर कच्चा. ती आंबली नाही, पण आठवड्याभरात तळाशी घट्ट साका बसला आणि वर पाणी सुटलं. चौथीत आम्ल पुरेसं आणि गर ८० अंशांपर्यंत जेमतेम मिनिटभर तापवलेला. दोन महिन्यांनी उघडली तेव्हा भरल्या दिवशी होती तशीच होती. पाचवीत चौथीचंच सगळं, फक्त फळं चीर गेलेली. ती फसफसली नाही, पण उघडताच मातकट, दारूसारखा वास आला, म्हणजे बिघाड फळातच आधी झाला होता आणि तो आम्हाला बाटलीत कोंडता आला एवढंच. सहावी पंधरा मिनिटं उकळलेली. तिचा रंग विटकरी झाला आणि घशाला धरणारी तुरट-कडवट चव आली.

या सहाव्या बाटलीने माझा एक समज सुटला. बेल तापवलं की बिघडतं हे अर्धं खरं आहे. ८० अंशांपर्यंत मिनिटभर त्याला काही होत नाही, उलट गर सैल होतो आणि चाळणीतून भराभर उतरतो. रटरट उकळलं तर मात्र गेलं.

आता आजींचा आक्षेप राहिला होता, आणि तो सर्वांत महत्त्वाचा होता. चौथ्या बाटलीतलं चमचाभर त्यांना दिलं तर त्यांनी तोंड वाकडं केलं, आंबटच लागणार होतं. मग वहिनींनी एक पेला आणला, त्यात एक भाग स्क्वॅश आणि तीन भाग माठाचं पाणी घातलं, वरून गुळाचा खडा विरघळवला, वेलदोडा टाकला. आजींनी अर्धा पेला प्यायल्यावर म्हटलं, "हे आपलंच हाय."

मी पहिल्या वर्षी इथेच फसले होते. मी बाटलीतलं चाखलं, पेल्यातलं चाखलं नाही. बाटलीत एक टक्का असलेलं आम्ल पेल्यात पाव टक्का होतं, आणि पाव टक्क्याने बेलाची चव झाकली जात नाही. बाटलीची आंबट चव टिकण्यासाठी असते, पिणाऱ्याच्या जिभेपर्यंत ती पोचतच नाही. आजींचं म्हणणं सरबताबद्दल अगदी बरोबर होतं. मी ते चुकीच्या भांड्याला लावलं.

दुसरं वर्ष

२०२४ मध्ये झाडाला २१४ फळं मोजली. मोजायचं काम वाड्यातल्या पोरांनी गच्चीवरून केलं.

फळं पडायची वाट पाहिली नाही. कवचाचा गर्द हिरवा रंग उतरून पिवळसर झाक आली की काढायला घेतली. एकाने फांदीवर चढून देठाचा दोन सेंटिमीटर तुकडा ठेवून कात्रीने कापायचं आणि खाली दोघींनी जाड चादर ताणून धरायची. देठ मुळाशी उपटला तर तिथूनच कूज शिरते, आणि फळ फरशीवर आपटलं तर चीर जाते. काढलेली फळं टोपलीत पिकू दिली. देठाशी गोड वास सुटला की फोडायचं. प्रत्येक फळ आधी उजेडात फिरवून बघायचं, चीर दिसली की बाजूला.

एका खेपेचं माप असं बसलं: साधारण ५ किलो फळं, त्यातून बिया-तंतू काढून अडीच किलो गर. त्यात तेवढंच पाणी. सिट्रिक ॲसिड एकूण १०० ग्रॅम. त्यातलं थोडं सुरुवातीलाच गरात घालून पीएच ४.३ पर्यंत आणायचा, मग जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ढवळत ८० अंश, एक मिनिट, आणि लगेच चाळणीवर. लोखंडी कढई अजिबात नको, बेलातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला लागलं की गर काळा पडतो. मिक्सरही नको, बिया फुटल्या तर चव जाते. साखर ३ किलो ६०० ग्रॅम, उरलेलं आम्ल आणि सव्वा लिटर पाणी यांचा पाक करून, गाळून, गार करून गरात मिसळायचा. शेवटी पूर्ण गार झाल्यावर ६ ग्रॅम केएमएस वाटीभर पाण्यात विरघळवून घालायचं. गरम मिश्रणात घातलं तर बराच वायू तिथेच उडून जातो. १० किलो स्क्वॅश, ब्रिक्स ४५, पाऊण लिटरच्या ११ बाटल्या.

गार करणं हे नागपुरात सोपं काम नाही. मे महिन्यात दुपारी नळाला येणारं पाणी कढत असतं. म्हणून सगळं काम पहाटे साडेचारला सुरू करून आठच्या आत उरकायचं ठरलं. विहिरीचं पाणी परातीत घेऊन त्यात पातेलं ठेवायचं. विहीर आणि बेल एका अंगणात असल्याचा हा फायदा मला आधी सुचला नव्हता, वहिनींना सुचला.

दहा खेपा झाल्या, ११० बाटल्या. त्या वर्षी माळ्याऐवजी खालच्या अंधाऱ्या कोठीत ठेवल्या. एकही आंबली नाही. फळं घरची धरून साखर, बाटली, गॅस, लेबल असा बाटलीमागे ३८ रुपये खर्च आला आणि विक्री १२० ने झाली. २०२३ चं नुकसान त्यातूनच भरून निघालं. लेबलवर प्रिझर्व्हेटिव्ह २२४, म्हणजे केएमएस, स्पष्ट लिहिलं. ओळखीच्या एका दुकानदाराने "उष्माघातावर रामबाण" असं छापायला सुचवलं, ते आम्ही छापलं नाही. ऊन लागून माणूस बरळायला लागला तर त्याला दवाखान्यात न्यायचं असतं, सरबत पाजत बसायचं नसतं.

कच्चं, गदरं, पिकलं

हे सगळं चालू असताना आजींकडून जे कळलं ते मला कृतीइतकंच मोलाचं वाटतं. आम्ही बेलफळ म्हणजे एक वस्तू धरून चाललो होतो. त्यांच्या लेखी त्या तीन वस्तू होत्या.

कच्चं फळ थंडीत उतरवायचं. त्याचा गर फिका, टॅनिनमुळे तुरट. त्याच्या चकत्या उन्हात वाळवून ठेवायच्या, पोट बिघडलं की उगाळून किंवा काढा करून द्यायच्या. आयुर्वेदात कच्चं बेल जुलाबावर देतात ते याच तुरटपणासाठी, आणि याच कारणाने ते जास्त झालं तर पोट घट्ट धरतं. बेलाचं मूळ दशमुळांतलं एक, हेही आजींना ठाऊक होतं. त्यांचे सासरे वैद्यांना ते खणून देत. संक्रांत आली की कच्च्या फळातल्या बियांभोवतीचा डिंक काढून पोरं त्याने पतंग चिकटवत. नागपूरची संक्रांत म्हणजे पतंग, त्यामुळे जानेवारीत झाडाखाली फोडलेली हिरवी फळं पडलेली असत. वाड्यातल्या आताच्या पोरांना मी हा डिंक काढून दाखवला. पारदर्शक, काचेसारखा वाळतो, आणि कागद फाटेल पण जोड सुटणार नाही.

गदरं फळ, म्हणजे वाढ पूर्ण पण पिकायला वेळ असलेलं, मुरंब्याचं. त्याच्या बोटभर जाड चकत्या करून दाभणाने एकेक बी टोकरून काढायची, चकत्या पाण्यात ठेवायच्या, उकडायच्या आणि तीन दिवस रोज थोडा घट्ट होत जाणाऱ्या पाकात मुरवायच्या. पिकलेल्या फळाचा मुरंबा होत नाही, चकत्या विरघळतात. कच्च्याचा होतो, पण तुरटपणा जात नाही. आजी बोटाच्या पेराने कवच वाजवून गदरं ओळखतात. मी शिकण्याचा प्रयत्न केला, दहातली सहा बरोबर आली.

आणि पिकलेलं सरबताचं. कवच तरीही टाकायचं नाही, चुलीला चांगलं जळण. चांगल्या अर्ध्या कवचाला घासून आजींनी केलेल्या दोन डब्या अजून देवघरात आहेत, एकीत अक्षता आणि एकीत कापूर.

या हिशेबाने पाहिलं तर २०२३ मध्ये आम्ही पिकण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची ३२ फळं एका पातेल्यात घातली होती. आंबण्याचं कारण ते नव्हतं, पण दर बाटलीची चव वेगळी लागण्याचं कारण तेच होतं.

श्रावणाचं भांडण

एक भाग अजून नीट सुटलेला नाही. श्रावणात देवळाबाहेर बेल विकणारे दोघे दरवर्षी या झाडावरून माल नेत. त्यांची पद्धत फांद्या कोयत्याने तोडून खाली पाडायची आणि मग त्रिदळं खुडायची. जुलै-ऑगस्टमध्ये फांद्यांवर लिंबाएवढी कोवळी फळं असतात. फांदी गेली की पुढच्या उन्हाळ्याची आठ-दहा फळं गेली. शेंडे पुन्हा फुटतात, पण ते पानांचे.

मोठे काका म्हणाले, देवाच्या पानाला नाही म्हणायचं नाही. वहिनी म्हणाल्या, पानाला कोण नाही म्हणतं, फांदीला नाही म्हणते. दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी असं ठरलं की खालच्या घेराची पानं हाताने खुडून न्यायची, कोयता आत आणायचा नाही. एका विक्रेत्याने मानलं, दुसरा येईनासा झाला. काकांना अजून चुटपुट लागते. त्यांचं दुःख खोटं नाही. या अंगणातून पान गेलं नाही असा श्रावण त्यांनी पाहिलेला नव्हता. पण २०२५ मध्ये फळांचा आकडा २६० वर गेला, आणि मला वाटतं त्यात कोयता थांबल्याचा वाटा मोठा आहे.

सध्या कुठे आहोत

२०२५ मध्ये १६५ बाटल्या झाल्या. आता पट्टी वहिनी स्वतः बुडवतात आणि दर खेपेचा पीएच, तापमान, ब्रिक्स वहीत लिहितात. मी फक्त पहिल्या दिवशी जाते. गटातल्या दोघींनी या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, घेऊन बेलाच्या रोपांवर कलम म्हणून भरायचं ठरवलं आहे, जून-जुलै हा त्याचा काळ. बियांपासूनच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं लागतात, डोळा भरलेलं चार-पाच वर्षांत देतं. एकीचं अंगण शहरातल्या नंदनवन भागात आहे, दुसरीची फक्त गच्ची, तिथे काय जमेल ते पाहायचं.

चिरणाऱ्या फळांचं कोडं मात्र तसंच आहे. चीर गेलेलं फळ आम्ही आता घेत नाही, आणि ती दरवर्षी पन्नासच्या आसपास असतात. जमिनीतला ओलावा एकदम बदलला की बेल चिरतं, आणि बोरॉन कमी असलं तरी चिरतं. म्हणून गेल्या हिवाळ्यापासून विहिरीचं पाणी पंधरा दिवसांनी एकदा, आळं करून, नेमाने द्यायला सुरुवात केली आहे. यंदा फुलोऱ्यावर एक लिटर पाण्यात एक ग्रॅम बोरॅक्स मिसळून पहिली फवारणी झाली, फळं धरल्यावर दुसरी करू. झाडाच्या अर्ध्या भागावरच फवारलं आहे, विहिरीकडच्या. रस्त्याकडची बाजू तशीच ठेवली आहे, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये दोन्हीकडची चिरलेली फळं वेगवेगळी मोजता येतील.